कूर्नोचं उत्तर 22.5 आलंय? मायक्रोइकॉनॉमिक्समधल्या या चुका टाळा

एमएच्या पहिल्या सेमला इंटर्नलमध्ये कूर्नोच्या (दोन कंपन्या एकाच वेळी आपापलं उत्पादन ठरवतात ते मॉडेल) गणितात मला दहापैकी दोन मिळाले होते आणि डेरिव्हेटिव्ह तर बरोबर होतं! गणित साधं, किंमत = 100 − एकूण उत्पादन, दोन कंपन्या, दोघींचा सीमांत खर्च (आणखी एक नग बनवायचा खर्च) 10. मी म्हटलं दोघी सारख्याच आहेत ना, मग सुरुवातीलाच दोघींचं उत्पादन एकच धरून टाकलं आणि मग नफ्याचं डेरिव्हेटिव्ह घेतलं. आलं प्रत्येकी 22.5, एकूण 45, किंमत 55. आता याच आकड्यांवर मोनोपॉलीचं (बाजारात एकच कंपनी असतानाचं) उत्तर काढून बघा, तेच 45 आणि 55. म्हणजे कूर्नो सोडवता सोडवता मी दोघींचं साटंलोटंच लावून दिलं, कार्टेल!

कूर्नोत प्रत्येकजण समोरचीचं उत्पादन आहे तेवढंच राहणार असं धरून आपलं ठरवते, म्हणून आधी डेरिव्हेटिव्ह, त्यातून रिॲक्शन फंक्शन, म्हणजे समोरचीनं अमुक बनवलं तर मी किती (क्यू1 = 45 − क्यू2 चा अर्धा, क्यू म्हणजे उत्पादन), आणि सारखेपणा शेवटी. उत्तर 30-30, किंमत 40. शंका आली तर आपलंच उत्तर रिॲक्शन फंक्शनमध्ये घालून बघायचं, समोरची 22.5 बनवत असेल तर मला 33.75 परवडतंय, मग मी 22.5 वर का थांबेन?

स्टॅकेलबर्गमध्ये बरोबर उलटं, तिथे आधी उत्पादन ठरवणाऱ्या लीडरला मागून ठरवणारी फॉलोअर काय करणार ते माहीत असतं म्हणून फॉलोअरचं रिॲक्शन फंक्शन डेरिव्हेटिव्हच्या आधीच घालायचं. लीडर 45, फॉलोअर 22.5. (हो, इथे 22.5 चालतं.)

शटडाऊनमध्ये, म्हणजे धंदा तात्पुरता बंद ठेवायचा का या प्रश्नात, भाडं मध्ये आणू नका. सुट्टीत मेसला निम्मी पोरं असतात, पण किराणा, गॅस आणि पोळ्यावाल्या मावशींचे पैसे निघून वर थोडं उरत असेल तर मेस चालू ठेवण्यातच शहाणपण, कारण भाडं बंद ठेवली तरी द्यायचंच आहे. शॉर्ट रनमध्ये (भाड्यासारखे खर्च टाळता येत नाहीत तोवर) किमतीची तुलना सरासरी बदलत्या खर्चाशी, एकूण सरासरीशी नाही.

आणि एमआर (आणखी एक नग विकून वाढणारं उत्पन्न) काढताना "उतार दुप्पट" हे किंमत (पी) डावीकडे असलेल्या मागणीच्या सरळ रेषेलाच लागू. क्यू = 100 − 2पी दिलं की लोक डोळे झाकून 100 − 4पी लिहितात 😅 आधी उलटवा, पी = 50 − क्यू/2, मग एमआर = 50 − क्यू. आणि एवढं सगळं नीट करून शेवटी मोनोपॉलीची किंमत मागणीच्या रेषेऐवजी एमआरच्याच रेषेवर वाचणारे, म्हणजे वरच्या पहिल्या गणितात 55 च्या जागी 10 लिहिणारे, प्रत्येक बॅचमध्ये दोन-तीन तरी निघतातच.