नॉर्वेत कुणी धमकावलं, तर पोलिसांना कोणता शब्द सांगायचा?

इंग्रजीतलं 'इंटिमिडेशन', म्हणजे धमकावणं, नॉर्वेजियनमध्ये एका शब्दात बसत नाही. मग तक्रार देताना नेमकं काय घडलं तेच निसटतं. म्हणून आधी इंग्रजी शब्द आठवू नका, समोरच्याने काय केलं ते बघा आणि त्यावरून शब्द निवडा.

१. "तुला मारीन", "घर जाळीन" असं म्हटलं किंवा लिहिलं: इंग्रजीत 'थ्रेट', नॉर्वेजियनमध्ये 'त्रुसेल'. दंडसंहितेचं कलम २६३ याच्यासाठीच आहे. मात्र धमकी गुन्ह्याची हवी आणि खरी भीती वाटावी अशी हवी. नुसती रागातली शिवी त्यात येत नाही.
२. धमकी देऊन पैसे मागितले: 'ऊतप्रेसिंग', कलम ३३०.
३. मनाविरुद्ध काही करायला भाग पाडलं: 'त्वांग', कलम २५१.
४. पुन्हापुन्हा छळ, टोमणे, अपमान: 'त्राकासेरिंग'.
५. फक्त घाबरवलं, नेमकी धमकी नाही: 'स्क्रेम्मे' हे क्रियापद वापरा आणि प्रसंग सविस्तर सांगा. इथे तपशील शब्दापेक्षा जास्त कामाचा.

मूळ मेसेज पुसू नका. धमकीचं वाक्य ज्या भाषेत आलं, अगदी मराठीत असलं तरी, तसंच्या तसं द्या. दुभाषा हवा असेल तर 'टोल्क' मागा.

एक सावधगिरी: 'धमकावणे'चं नॉर्वेजियन क्रियापद इंग्रजीतल्या 'ट्रू' म्हणजे 'खरं' या शब्दासारखंच लिहितात, उच्चार मात्र 'त्रूए'. पत्र वाचताना घोटाळा होतो.

जिवाला धोका असेल तर शब्द शोधत बसू नका, ११२ लावा. एरवी पोलिसांचा नंबर ०२८००.