काचेवर टकटक करण्याआधी: मत्स्यालय पाहताना या चुका टाळा

पुण्याला समुद्र नाही. त्यामुळे एखाद्या मैदानावर ‘पाण्याखालचा बोगदा’ उभा राहिला की रविवारी संध्याकाळी तिकिटाची रांग थेट रस्त्यावर येते. भाच्याला घेऊन मीही त्या रांगेत उभी राहते. पण वीस मिनिटांत सगळ्या टाक्या उरकून ‘झालं बघून, चला भेळ खायला’ म्हणत बाहेर पडणारी कुटुंबं दिसली की जीव हळहळतो. पैसे गेले, गर्दी सोसली आणि मासा नीट पाहिलाच नाही.

बोर्डवर ‘शार्क’ आहे म्हणून शार्क समजणं

अशा तात्पुरत्या प्रदर्शनांतल्या मोठ्या टाक्यांत बहुधा गोड्या पाण्यातले मासे असतात, कारण खारं पाणी तयार करणं आणि टिकवणं महाग पडतं. तिथे करड्या रंगाचा, पाठीवर उभा तिकोनी पर असलेला, सतत येरझारा घालणारा मासा शार्क म्हणून दाखवतात. तो बऱ्याचदा पंगस असतो. हा मूळचा मेकाँग नदीच्या भागातला मासा. आपल्याकडे तो तळ्यांत वाढवून बाजारात विकतात. शोभेच्या माशांच्या धंद्यात त्याला शार्क म्हणायची जुनी सवय आहे.

मग ओळखायचं कसं? कल्ल्यांकडे बघा. पंगससारख्या हाडं असलेल्या माशाच्या कल्ल्यावर एक झाकण असतं आणि ते सारखं उघडमीट करत असतं. शार्कला झाकण नसतं. डोक्यामागे दोन्ही बाजूंना उभ्या फटी असतात, बहुतेक जातींत पाच-पाच. मिशांवर मात्र विसंबू नका, कारण काही शार्कच्याही तोंडाशी मिशांसारखे तंतू असतात. ही खूण सांगितल्यापासून भाचा प्रत्येक टाकीपुढे फटी मोजत उभा राहतो. बोर्ड खोटा निघाला की हिरमुसत नाही, उलट आपण काहीतरी पकडलं म्हणून खूश होतो.

खरा शार्क तळाशी निपचित पडलेला दिसला तर ‘मेला वाटतं’ असं पोरांना सांगू नका. सगळ्या शार्कना सतत पोहावं लागत नाही. बांबू शार्क, नर्स शार्क यांसारख्या जाती तोंडानं पाणी ओढून कल्ल्यांवरून फिरवतात आणि आरामात पडून राहतात. तसंच सापासारखी लांब वाम (ईल) तोंड उघडमीट करत असली तरी चिडलेली नसते, ती श्वास घेत असते.

टकटक आणि फ्लॅश

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो या चुकीचा. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात १,५०० मीटरच्या आसपास. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेषा असते. पाण्यातली बारीकशी थरथरही तिला कळते. आपल्याला किरकोळ वाटणारी टिचकी त्याच्या अख्ख्या अंगावर आदळते, आणि पळून जायला त्याच्याकडे फक्त समोरची भिंत असते. रविवारी दिवसभरात किती बोटं वाजत असतील, याचा विचार करा.

लहान मुलं हे मोठ्यांचं बघून करतात. उपाय साधा आहे : मुलाला दोन्ही हात पाठीमागे बांधायला सांगा आणि नाक काचेपासून वीतभर लांब. ‘बघू, मासा आधी तुझ्याकडे येतो की तू कंटाळतोस.’ दोन मिनिटं शांत उभं राहिलं की कोपऱ्यातला मासा खरोखर पुढे येतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

फ्लॅशचंही तेच. बहुतेक माशांना पापण्या नसतात, त्यामुळे लखलखाट झाला तरी त्यांना डोळे मिटता येत नाहीत. आणि फ्लॅशनं फोटो तरी कुठे चांगला येतो? काचेत पांढरा गोळा उमटतो. फ्लॅश बंद करून फोन काचेजवळ सरळ धरा, तिरका धरलात तर चित्र पसरतं. बोगद्याची ‘काच’ बहुधा ॲक्रिलिकची असते आणि तिच्यावर चटकन ओरखडे पडतात, म्हणून फोन घासू नका.

टाकी रिकामी दिसते, मूल घाबरतं

उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यांना थोडा वेळ द्या. मग वरून नाही, तळापासून बघायला सुरुवात करा : वाळू, दगडाची कपार, पाइपचं तोंड. कित्येक मासे रात्री हिंडणारे असतात आणि दिवसा तिथेच दडून बसतात.

मूल रडत असेल तर त्याला ओढत बोगद्यात नेऊ नका. पाण्याच्या प्रकाश वळवण्याच्या गुणामुळे मासा असतो त्यापेक्षा जवळ दिसतो. सपाट काचेमागे चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर वाटतो. त्या पोराची भीती खरी असते. आधी छोट्या टाक्या दाखवा.

आजीला घरी ठेवून जाणं

माझी आजी हर्णैची. एकदा हट्टानं तिला बरोबर नेलं. मी बोर्ड वाचत होते आणि ती नुसतं बघून सांगत होती : ही पाकट, शेपटीत काटा असतो, जाळ्यातून काढताना जपावं लागतं. हा केंड, छेडला की फुगतो, खायचा नाही. ही मुशी, म्हणजे छोटा शार्क. आजूबाजूची चार अनोळखी पोरंही तिच्या मागे मागे फिरायला लागली. कोकणातलं कुणी घरात असेल तर त्यांना आधी विचारा, ‘येता का?’

चौकशी न करता निघणं

‘तारापोरवाला बघून येऊ’ असं अजूनही ऐकू येतं. मरीन ड्राइव्हवरचं ते मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं आणि २०१५ मध्ये नवं रूप घेऊन पुन्हा उघडलं. पण करोनाकाळात बंद झालं आणि पुढे इमारत धोकादायक ठरली. म्हणून गाडीत बसण्याआधी चालू आहे की नाही हे विचारा. राणीच्या बागेतले पेंग्विन बघायला जाणाऱ्यांनी मुलांना बर्फाच्या गोष्टी सांगू नयेत. ते हम्बोल्ट पेंग्विन आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. गणपतीपुळ्याला जाणार असाल तर रत्नागिरीच्या झाडगावातलं सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय चुकवू नका. तिथला देवमाशाचा सांगाडा मोठ्यांनाही गप्प करतो. डॉल्फिनचे खेळ मात्र शोधू नका. २०१३ साली केंद्र सरकारनं असे तलाव उभारायला मनाई केली, आणि ते योग्यच झालं.

कुठे तारामासा हाताळायला देत असतील तर हातावर सॅनिटायझर किंवा क्रीम नको. साध्या पाण्यानं हात धुऊन, ओल्या दोन बोटांनी, पाण्याच्या आतच स्पर्श करा. फोटोसाठी त्याला वर उचलू नका.

बाहेर पडताना होणारी खरेदी

वाळवलेला समुद्रघोडा किंवा प्रवाळाचा तुकडा कुणी विकत असेल तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना संरक्षण आहे, आणि काही जातींच्या शंखांनाही. ‘शोभेची वस्तू’ म्हटल्यानं कायदा बदलत नाही.

दुसरी खरेदी असते पिशवीतला गोल्डफिश आणि गोल भांडं. त्या भांड्यात माशाच्या विष्ठेतून अमोनिया साठतो. तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मासा बऱ्याचदा त्याआधीच मरतो. ‘पोरानं हट्ट केला’ म्हणत तो घरी आलाच असेल, तर आज रात्री एवढं करा. शक्य तितकं मोठं भांडं घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून क्लोरीन काढणारे थेंब टाकूनच ते वापरा आणि उद्यासाठी एक बादली भरून उघडी ठेवा. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून मग मासा सोडा. पहिल्या दिवशी खायला देऊ नका आणि रोज पाव भाग पाणी बदला. नाहीच जमलं तर तो दुकानदाराला परत द्या. मुठेत किंवा खडकवासल्यात सोडू नका. उजनीच्या पाण्यात आज भरपूर मिळणारी चिलापी मूळची आफ्रिकेतली आहे, आणि तीही माणसांनीच आणलेली आहे.