पॉवर बीआयमध्ये टेक्स्ट असलेल्या तारखेचा खरा डेट कॉलम कसा बनवायचा

अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून किंवा कुठल्या पोर्टलवरून एक्सपोर्ट केलेली फाइल पॉवर बीआयमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणली की तारखेचा कॉलम बरेचदा टेक्स्ट म्हणून येतो, दिसते तारीखच, पण महिन्याप्रमाणे बेरीज होत नाही आणि मागच्या वर्षाशी तुलनाही करता येत नाही. मग बरेच जण सरळ कॉलमचा टाइप डेट करून मोकळे होतात. इथेच थांबा, कारण चुकीची बदललेली तारीख एरर आलेल्या तारखेपेक्षा कितीतरी वाईट. एरर निदान दिसते तरी.

आधी फाइलमध्ये तारीख कशी लिहिलीय ते डोळ्यांनी बघा. 03/04/2024 म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल, पण अमेरिकन सेटिंग असेल तर पॉवर बीआय त्याला 4 मार्च समजतं आणि काहीही न बोलता बदलून टाकतं. एप्रिलचं बिल मार्चमध्ये गेलं म्हणजे आपल्याकडे आर्थिक वर्षच बदललं! म्हणून 13 किंवा त्यापुढचा आकडा असलेली एखादी ओळ शोधा, 25/04/2024 दिसलं की दिवस आधी आहे हे नक्की झालं.

आता ट्रान्सफॉर्म डेटावर क्लिक करून पॉवर क्वेरी, म्हणजे पॉवर बीआयमधली डेटा नीट करायची खिडकी, उघडा. उजवीकडे अप्लाइड स्टेप्समध्ये चेंज्ड टाइप नावाची स्टेप आपोआप आलेली असू शकते, सीएसव्हीसारख्या (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेल्या साध्या टेक्स्ट) फाइलमध्ये ती साधारण पहिल्या 200 ओळी बघून टाइपचा अंदाज लावते, ती डिलीट करा. मात्र त्यामुळे बाकीच्या कॉलमचे टाइपही जातात, ते नंतर परत द्यायला विसरू नका. मग तारखेच्या कॉलमवर राइट क्लिक करून डुप्लिकेट कॉलम घ्या, मूळ टेक्स्ट शेवटपर्यंत ठेवा, ताडून बघायला तेच लागतं.

डुप्लिकेट कॉलमवर राइट क्लिक, चेंज टाइप, आणि त्या यादीत अगदी खाली यूझिंग लोकेल. तिथे टाइप डेट आणि लोकेल इंग्लिश इंडिया निवडा. लोकेल म्हणजे तुम्हाला तारीख कशी दिसायला हवी ते नाही, तर फाइलमध्ये ती कशी लिहून आलीय ते. फाइल अमेरिकेतल्या सिस्टीममधून आली असेल तर इंग्लिश युनायटेड स्टेट्स निवडायचं, तुम्ही पुण्यात बसून काम करत असलात तरी.

काही फाइल्समध्ये तारीख 20240315 अशी सलग येते. ती नंबर म्हणून आली असेल आणि थेट डेट केली तर एरर येते, म्हणून आधी टेक्स्ट करा आणि मग डेट, दुसऱ्या वेळी विचारलं की ॲड न्यू स्टेप म्हणा, रिप्लेस करंट नाही. 45292 असला पाच आकडी नंबर दिसला तर तो एक्सेलचा दिवसांचा क्रमांक असतो, हा 1 जानेवारी 2024 चा, तो आधी होल नंबर आणि मग डेट करा. फक्त 03-2024 असेल तर फॉरमॅटमधल्या ॲड प्रीफिक्सने पुढे 01- लावा. आकडे देवनागरीत टाइप केलेले असतील तर रिप्लेस व्हॅल्यूजने ते बदलून घ्या, आणि मागेपुढे स्पेस राहिलेत असं वाटलं तर ट्रिम करा.

आता तपासणी, ही टाळू नका. व्ह्यूमध्ये कॉलम क्वालिटी चालू करा आणि खाली स्टेटस बारमध्ये पहिल्या 1000 ओळींऐवजी पूर्ण डेटा सेट निवडा. एरर दिसल्या तर कीप एरर्सने फक्त त्या ओळी बघा, बघून झालं की ती स्टेप काढून टाका. दिवस 12 च्या पुढे असलेल्या तारखाच फक्त एरर देत असतील तर लोकेल उलटं लागलंय, आणि अशा वेळी रिमूव्ह एरर्स करणं सगळ्यात घातक, कारण ज्या तारखा बदलल्यासारख्या दिसतायत त्यासुद्धा बहुतेक चुकीच्याच आहेत.

पॉवर क्वेरीत जायचं नसेल तर न्यू कॉलम घेऊन डॅक्समध्येही, म्हणजे पॉवर बीआयच्या फॉर्म्युल्यांच्या भाषेतही, होतं. तिथे डेटव्हॅल्यूपेक्षा डेट फंक्शन वापरा असं माझं ठाम मत आहे, कारण डेटव्हॅल्यू सेटिंगवर अवलंबून राहतं. 25/04/2024 साठी वर्ष म्हणून राइटने शेवटची 4 अक्षरं, महिना म्हणून मिडने चौथ्या अक्षरापासून 2 आणि दिवस म्हणून लेफ्टने पहिली 2, या क्रमाने डेटला द्यायची, मग अंदाजाचा प्रश्नच उरत नाही.

शेवटी हा कॉलम कॅलेंडर टेबलला (प्रत्येक तारखेची एक ओळ असलेल्या टेबलला) जोडायचा असेल तर टाइप डेट आहे की डेट टाइम ते बघा. सोबत वेळ चिकटलेली असेल तर 25 एप्रिल सकाळी 10:30 ही ओळ कॅलेंडरमधल्या 25 एप्रिलशी जुळत नाही आणि रिपोर्टमध्ये ती रक्कम ब्लँकखाली जाते, फॉरमॅट बदलून वेळ लपवली तरी उपयोग होत नाही, पॉवर क्वेरीत टाइपच डेट करावा लागतो.