थंडीत शाळा बंद ठेवायची की उशिरा भरवायची, हे गावातल्या गावात कसं ठरवायचं

डिसेंबर निम्मा झाला की आमच्या निफाडकडच्या पालकांच्या ग्रुपवर एकच मागणी सुरू होते, शाळेला सुट्टी द्या म्हणून. मीही ती केलेली आहे. माझी मुलगी दुसरीत होती, शाळा सातची, सव्वासहाला अंधारात बाइकवर पुढं बसून जायची आणि पहिला तास संपेपर्यंत तिच्या बोटांत पेन्सिल धरवायची नाही. तेव्हा मला वाटायचं की मुलं गारठतायत तर शाळा बंद करा, एवढं साधं आहे. नंतर दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीवर काम केलं आणि कळलं की आपल्याकडं सुट्टी हा पहिला उपाय नाहीच, पहिला उपाय वेळ बदलणं हा आहे. सुट्टी लागते, पण अगदी ठरावीक दिवशी. ते दिवस कसे ओळखायचे आणि बाकी दिवस कसे काढायचे ते इथं सविस्तर लिहिते, कारण दरवर्षी हीच चर्चा पहिल्यापासून सुरू होते आणि तोवर संक्रांत येऊन जाते.

सगळ्यात आधी बघायचं की थंडी कुठल्या प्रकारची आहे. पेपरात फक्त किमान तापमान येतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा येतो, निफाड 5 अंश, निफाड 4 अंश, आणि ते वाचून सगळे घाबरतात. पण शाळेसाठी महत्त्वाचं हे आहे की दिवसा किती तापतं. उत्तरेत, म्हणजे दिल्ली, पंजाब, उत्तर प्रदेशात जानेवारीत कित्येकदा दिवसभर धुकं असतं, ऊनच पडत नाही, दुपारीसुद्धा पारा बारा-चौदाच्या वर सरकत नाही. तिथं शाळा उशिरा भरवून काय होणार, दुपारीही तेवढीच थंडी. म्हणून दिल्लीत जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात हिवाळी सुट्टी असते, उत्तर प्रदेशात जिल्हाधिकारी आठवीपर्यंतच्या शाळा बंद ठेवायचे आदेश काढतात, आणि काश्मीरमध्ये तर डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शाळा बंदच. माझा भाऊ अमेरिकेत मिनेसोटात असतो, तिथं 6 जानेवारी 2014 ला गव्हर्नर मार्क डेटन यांनी राज्यभरातल्या सरकारी शाळा एका आदेशानं बंद ठेवल्या होत्या, कारण तसल्या वाऱ्यात बसस्टॉपवर उघडं राहिलेलं कातडं काही मिनिटांत गोठतं. ती थंडी वेगळी, आपली वेगळी. आपल्याकडं आभाळ मोकळं असतं, रात्री जमीन पटकन गार होते आणि सकाळी ऊन आलं की तितक्याच पटकन तापते.

हे मी अंदाजानं सांगत नाहीये, आम्ही मोजलंय, आणि तुम्हीही मोजा. साधा थर्मामीटर घ्या, दीड-दोनशे रुपयांत मिळतो, शाळेच्या आवारात सावलीत, जमिनीपासून चार फुटांवर, भिंतीला न चिकटवता टांगा (भिंतीची ऊब लागली की आकडा चुकतो). आठ दिवस पावणेसात, आठ, साडेनऊ आणि अकराला आकडा वहीत लिहा, सातवी-आठवीच्या मुलांना हे काम द्या, ती फार मन लावून करतात. आमच्या वहीत एका जानेवारीच्या सकाळी पावणेसातला 5, आठला 8, साडेनऊला 14 आणि अकराला 21 असं होतं. म्हणजे सातच्या शाळेचं मूल आणि साडेनऊच्या शाळेचं मूल यांच्यात नऊ अंशांचा फरक, एकाच गावात, एकाच दिवशी! आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, रात्रीचा सगळ्यात गार क्षण मध्यरात्री नसतो, सूर्योदयाच्या आसपास असतो, आणि आमच्याकडं जानेवारीत सूर्य उगवतो सात वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला. सातची शाळा म्हणजे चोवीस तासांतला नेमका गार क्षण निवडून आपण मुलांना घराबाहेर काढतो.

त्यात बाइक. 6 अंशांत चाळीसच्या स्पीडनं गाडी चालवली तर वाऱ्यामुळं उघड्या चेहऱ्याला ते जवळजवळ 1 अंशासारखं लागतं, हवामानवाल्यांचं सूत्र आहे त्यानं हिशोब निघतो. पुढं टाकीवर बसलेलं मूल तो सगळा वारा अंगावर घेतं. म्हणून ज्या दिवशी पारा दहाच्या खाली असेल त्या दिवशी मूल मागं बसवा, दोघांच्या मध्ये बसलं तर अजून बरं, आणि गाडी हळू चालवा, पाच मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

आता आकडे कुठले धरायचे. हवामान खात्याची व्याख्या अशी आहे की सपाट भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आलं आणि ते सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी खाली असलं तर थंडीची लाट, 6.4 पेक्षा जास्त घसरलं तर तीव्र लाट. पारा 4 वर किंवा त्याखाली आला तर सरासरी न बघताच लाट धरतात, 2 ला तीव्र लाट. आणि किमान 10 च्या खाली असताना दिवसाचं कमाल तापमानही सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी कमी राहिलं तर त्याला थंड दिवस म्हणतात. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा, सुट्टीचा निर्णय यावरच ठरतो. खात्याच्या 'मौसम' अॅपवर आदल्या दिवशी दुपारनंतर बघितलं तरी पुरतं, फक्त नाशिक शहराचा आकडा आपल्या गावाला लावू नका, मळ्यातल्या आणि नदीकाठच्या वस्तीवर दोन-तीन अंश सहज कमी असतात.

आमच्या समितीनं जे ठरवलं ते सांगते, हे सरकारी नियम नाहीत, आमचे आहेत, तुम्ही तुमच्या गावाप्रमाणं बदला. पारा दहाच्या वर असेल तर नेहमीसारखी शाळा. दहाच्या खाली गेला की पाचवी ते आठवीचे वर्ग साडेनऊच्या आधी भरवायचे नाहीत. पाचच्या खाली गेला की सगळ्यांचीच शाळा दहाला, परिपाठ उन्हात, जमिनीवर सतरंजी न टाकता कुणाला बसवायचं नाही. आणि बंद कधी? जेव्हा उशिरा भरवूनही फायदा नाही तेव्हा. म्हणजे ढगाळ आहे, वारा आहे, दुपारीही ऊन नाही असा थंड दिवस, किंवा थंडीत अवकाळी पाऊस-गारपीट (26 नोव्हेंबर 2023 आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही, द्राक्षबागा झोडपल्या होत्या), किंवा इतकं दाट धुकं की रिक्षा-व्हॅनवाल्याला रस्ता दिसत नाही. असे दिवस आमच्याकडं वर्षाला एखाद-दुसरा.

सुट्टी द्यायला मी इतकी का कचरते त्याचं कारण मला कांद्याच्या वावरात दिसलं. डिसेंबर-जानेवारी म्हणजे उन्हाळ कांद्याची लावणी, गावातल्या निम्म्या बाया आठच्या आत वावरात. पेठ-सुरगाण्याकडून आलेली कुटुंबं तर पालातच राहतात. शाळा बंद म्हणजे ते मूल उबदार घरात गोधडीत झोपतं असं नाही, ते बांधावर बसतं, धाकट्याला सांभाळतं, नाहीतर पेटलेल्या शेकोटीजवळ एकटं असतं. आणि शाळेतलं गरम जेवण बुडतं, पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम मिळायला हवीत असा नियम आहे, थंडीत तर शरीराला ऊब धरायला अन्न लागतंच. म्हणून बंद ठेवायचा दिवस आला तरी एक वर्ग उघडा ठेवा, दोन शिक्षक पाळीनं, खिचडी शिजवा, ज्याला यायचंय त्यानं यावं. आम्ही केलं तेव्हा तीसेक मुलं आली.

वेळ बदलायला कुणाकडं जायचं? पूर्वप्राथमिक ते चौथीचं काम सोपं आहे, राज्य सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये निर्णय काढलाय की हे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, सगळ्या माध्यमांच्या, सगळ्या व्यवस्थापनांच्या शाळांना तो आहे. त्याआधी डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप होत नाही म्हणून वेळ बदला असं सुचवलं होतं. अडचण असलेल्या शाळेला परवानगी घेऊन सूट मिळते, त्यामुळं तुमची शाळा अजून सातला भरत असेल तर भांडायला जाऊ नका, नम्रपणे विचारा की परवानगी घेतलीय का आणि असेल तर बघायला मिळेल का. बऱ्याचदा एवढ्यानंच हालचाल होते.

पाचवीपासून पुढं मात्र ठराव लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक लावा, शिक्षणहक्क कायद्याप्रमाणं समितीत 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या बाया, तेव्हा बायांना नक्की बोलवा, सकाळी मुलाला उठवणाऱ्या त्याच असतात. ठराव मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जातो. खाजगी शाळेत पालक-शिक्षक संघातून लिहून द्या. पूर्ण तालुक्याला किंवा जिल्ह्याला सुट्टी हवी असेल तर तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा, जुलैत अतिवृष्टीला देतात तशीच.

बैठकीत पहिला विरोध येतो तो तासांचा, अभ्यासक्रम कसा पूर्ण होणार म्हणून. त्याचं उत्तर तयार ठेवा. कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी चार ते साडेचार तास. दोन पाळ्यांच्या शाळेत आठ तासिका पस्तीसच्या तीस मिनिटांच्या केल्या की चाळीस मिनिटं सुटतात, मधली सुट्टी थोडी आवळली की सकाळची पाळी तासभर पुढं सरकते आणि दुपारच्यांना धक्का लागत नाही. सुट्टी दिली तर आख्खा दिवस जातो, वेळ बदलली तर फार तर चाळीस मिनिटं जातात, हा मुद्दा शिक्षकांना लगेच पटतो.

कपड्यांचं थोडं बोलते. थंडीच्या दोन महिन्यांत युनिफॉर्मच्या रंगाचा आग्रह नको, ज्याच्याकडं जो स्वेटर आहे तो घालू दे, कानटोपी वर्गातही चालेल, उशिरा आलेल्याला बाहेर उभं करायचं नाही. हे तिन्ही ठरावात लिहून घ्या, तोंडी राहिलं की विसरतात. मुलांची आंघोळ संध्याकाळी उरका, मुलींचे केस सकाळी धुऊन ओल्या वेण्या घालून पाठवू नका. ज्यांच्याकडं स्वेटरच नाही त्यांची यादी बाईंना बरोबर माहीत असते, ती गुपचूप घ्या, गावात लहान झालेले स्वेटर घरोघरी पडून असतात, दिवाळी झाली की गोळा करा आणि घरी नेऊन द्या, वर्गात सगळ्यांसमोर वाटू नका, मुलाला ते लागतं.

आणि वर्गात कोळशाची शेगडी, काहीही झालं तरी नाही. दारं-खिडक्या लावून कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, मूल पेंगतंय असं वाटतं आणि ते बेशुद्ध पडत असतं. आश्रमशाळांच्या खोल्यांमध्येही हेच, तिथं मुलं राहायलाच असतात, तिथं गरम पाणी, जाड ब्लँकेट आणि खिडकीच्या फुटलेल्या काचा बसवणं हीच मागणी करा, सुट्टीची नको.

एखादं मूल सारखं थरथरतंय, बोलताना जीभ जड झालीय, विचित्र सुस्त झालंय, किंवा दम्याच्या मुलाला गार हवेनं धाप लागलीय, तर तास संपायची वाट बघू नका. ओले कपडे काढा, कोरडं पांघरा, शुद्धीत असेल तर कोमट गोड काहीतरी प्यायला द्या, आणि लगेच दवाखाना, नाहीतर 108 ला फोन.

निर्णयाचा निरोप आदल्या संध्याकाळी सातपर्यंत गेला पाहिजे. पहाटे सहाला मेसेज टाकून उपयोग नाही, तोवर पोरं तयार होऊन बसलेली असतात आणि आया वावरात निघायच्या बेतात. व्हॉट्सअॅप नसलेल्यांना फोन करायचं काम आळीप्रमाणं वाटून द्या.

आमचा ठराव खाली देते, गावाचं नाव आणि तारखा बदलून वापरा. तारखा नक्की घाला, म्हणजे दरवर्षी नव्यानं बैठक लावायला नको. होळीपर्यंत ताणू नका, फेब्रुवारी अर्धा झाला की सकाळी बरी हवा असते आणि मार्चपासून उन्हामुळं परत सकाळचीच शाळा लागते.

"दि. 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी या काळात किमान तापमान 10 अंशांखाली असताना पाचवी ते आठवीचे वर्ग सकाळी 9.30 वाजता, व 5 अंशांखाली असताना सर्व वर्ग 10 वाजता भरवावेत. तासिका 30 मिनिटांच्या कराव्यात. या काळात कोणत्याही रंगाचे उबदार कपडे चालतील व उशिराबद्दल शिक्षा करू नये. दिवसभर ऊन नसलेला थंड दिवस, गारपीट किंवा दाट धुके असल्यास मुख्याध्यापकांनी वरिष्ठांशी बोलून आदल्या सायंकाळी 7 पर्यंत सुट्टी कळवावी. त्या दिवशीही एक वर्ग उघडा ठेवून पोषण आहार शिजवावा."