केंद्रातल्या शिक्षकांना प्रयोगाला बसवायचंय? मग आधी आपली तयारी

केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, दहा-बारा शिक्षक घेऊन, पोरांनी स्वतः शोधून शिकायच्या विज्ञानावर दोन दिवस बसायचंय असं ठरलं की लगेच पीपीटी बनवायला घेऊ नका. निम्मे लोक हजेरीची सही करून मोबाईलमध्ये जातात, बाकीचे "पीपीटी ग्रुपवर टाका सर" म्हणतात आणि विषय तिथंच संपतो. मी स्वतः अशा किती ट्रेनिंगांना मागच्या बाकावर बसून पेपर तपासलेत. त्यापेक्षा पंधरा दिवस आधी एक प्रयोग धरा आणि तो घरी करून बघा, ज्या महिन्यात घ्यायचाय त्याच महिन्यात, त्याच टायमाला.

मी गेल्या फेब्रुवारीत काठीची सावली धरली होती. एक मीटरची काठी अंगणात उभी रोवायची, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची, सगळ्यात आखूड सावली कधी पडते ते बघायचं. मला काय, माहितीच होतं, बारा वाजता. सव्वाबाराला मी टेप गुंडाळत होतो तर शेजारचा चौथीतला पोरगा म्हणे, "सर, सावली आखो धाकली व्हई ऱ्हायनी." म्हणजे अजून लहान होतेय. टेप परत उघडला. खरंच होत होती, आणि जळगावात त्या दिवशी सगळ्यात आखूड आली ती 12:40 च्या सुमारास. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर, आपण राहतो साडेपंच्याहत्तरच्या आसपास, अंशाला 4 मिनिटं धरली की 28 मिनिटं तर इथंच गेली. वरची मिनिटं पृथ्वीचा आस तिरका आणि तिची फिरायची वाट लंबगोल म्हणून, ती वर्षभर कमीजास्त होतात, त्यामुळं नोव्हेंबरच्या सुरुवातीला हीच वेळ 12:11 च्या आसपास येते. हे सगळं वाचून ठेवायचं आणि खिशात ठेवायचं, त्या दिवशी सांगायचं नाही.

कारण खरी गंमत शिक्षकांसोबत झाली. एका गटाची वही बघितली तर 12 च्या ओळीत खाडाखोड, 73.5 सेंटीमीटर होतं ते खोडून 69.5 केलेलं, म्हणजे बाराची सावली सगळ्यात लहान ठरली. विचारलं तर "मोजताना चुकलं असंल सर". वीस वर्षं वर्गात जे सांगत आलो ते डोळ्यासमोर खोटं ठरतंय म्हटल्यावर माणूस टेपला खोटं पाडतो, आणि मी घरी तेच करणार होतो, तो पोरगा नसता तर. म्हणून माझ्या यादीत आता पेन्सिल-खोडरबर नाही, बॉलपेन. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, जुना आकडा वाचता आला पाहिजे. आणि मोजायला सुरुवात करायच्या आधी प्रत्येकाचा अंदाज चिठ्ठीवर, नावासकट, डब्यात टाकून डबा बंद करा, नंतर "मला वाटलंच होतं" म्हणायला जागा राहत नाही.

सावलीचं अजून एक, भर दुपारी दहा मिनिटांत तिची लांबी जेमतेम दोन मिलिमीटर बदलते, त्यामुळं गटागटाची उत्तरं जुळत नाहीत. घाबरू नका, त्यावरच भांडू द्या. काठी सरळ आहे का ते सुतळीला दगड बांधून ओळंब्यानं बघायचं हे त्यांनाच सुचलं पाहिजे, सुतळी मात्र तुम्ही आणून ठेवा. पोचलेला गट असेल तर काठीभोवती सुतळीनं गोल काढायला सांगा, सकाळी सावलीचं टोक त्या गोलाला कधी शिवलं आणि दुपारी कधी शिवलं, दोन्हीची मधली वेळ काढली की बरंच नेमकं येतं. पावसाळ्यात हा प्रयोग ठरवू नका, ढगांनी माझा एक अख्खा दिवस खाल्लाय.

दुसरा प्रयोग असा धरा ज्यात गावाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. रावेर-यावलकडं केळी सोडून दुसरं काही शोधायची गरजच नाही. पण प्रश्न आधी घासून घ्या. "केळं का पिकतं?" असं विचारलं की कोणीतरी इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, म्हणतं आणि सगळे वह्या मिटतात. "एकाच फणीतली हिरवी केळी, तीन पिशवीत बांधून, तीन बांधून पण आत एक पिकलेलं टाकून, तीन उघडी, आधी कोणती पिवळी पडतील?" असं विचारलं तर करावंच लागतं. एका फणीतलीच का घ्यायची, पिशव्या सारख्याच का, हे बोलणं झालं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे न शिकवता येतं. याला दिवस लागतात, म्हणून पिशव्या आठवडाभर आधी शिक्षकांच्या घरी द्या आणि पहिल्या दिवशी वहीसकट आणायला सांगा. सोबत मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणा, पाण्यात पातळ करून कच्च्या केळाच्या कापावर थेंब टाकला की काळंनिळं होतं, पिकलेल्यावर फारसं नाही, पिष्टाची साखर झाली म्हणून. आयोडीन लावलेलं केळं कोणी खायचं नाही हे दोनदा सांगा, आमच्यात एक सर होतेच हात पुढं करणारे. आणि जुने कपडे घालून या, कच्च्या केळाचा चिक शर्टावर पडला की घरी काय ऐकावं लागतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

कापूसपट्ट्यात सरकी उगवून बघा, मूग दोन दिवसात मोड काढतो, सरकी जास्त दिवस घेते, बोलायला भरपूर. पण एक गोष्ट अगदी पक्की लिहून ठेवा, पाकिटातलं रंगीत बियाणं पोरांच्या हातात अजिबात नको, त्याला औषध चोळलेलं असतं. घरच्या कापसातली सरकी आणा. नंदुरबारकडच्या वाड्या-पाड्यांवर जाणार असाल तर बियांची, मातीची नावं पोरांच्या भाषेत, भिली नाहीतर पावरीत, आधी विचारून घ्या, ती फळ्यावर तशीच लिहायची.

आता सगळ्यात अवघड तयारी, आपलं तोंड. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी पोरांची उत्तरं लांब आणि विचार करून येतात. मी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा मला एक सेकंदही दम निघत नव्हता, लाज वाटली. तेव्हापासून प्रश्न विचारला की खिशातल्या किल्ल्या मोजतो, चार आहेत, तेवढा वेळ गप्प. कोणी सरळ उत्तर मागितलं तर द्यायचे तीन-चार उलटे प्रश्न आधीच कागदावर लिहून ठेवा, ऐनवेळी सुचत नाहीत. गट पाडताना एका शाळेचे दोघं एकत्र नको, सिनियर गुरुजी एकाच गटात नको, नाहीतर ताई नुसत्या नोंदी लिहितात आणि टेप दादांच्याच हातात.

हे काही नवीन नाही बरं का. सातपुड्याच्या पलीकडं, मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला (आताचं नर्मदापुरम) 1972 मध्ये 16 शाळांपासून असंच काम सुरू झालं, सहावी ते आठवीसाठी, आणि ते 2002 पर्यंत चाललं. तिथं शिक्षक आधी स्वतः सगळे प्रयोग करायचे आणि मग दर महिन्याला बसून काय फसलं ते बोलायचे. आपल्याकडं शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, दर महिन्याला आहेच, त्यातला एक तास केंद्रप्रमुखांकडून आत्ताच लिहून घ्या, नंतर परिपत्रकं वाचण्यात जातो.

चहा, पाणी, सावलीला मंडप, फोटो काढायला एक माणूस, हे सांगायला नको. फक्त फोटो काढणाऱ्याला "सर, इकडं बघा" म्हणू देऊ नका.

शाळाभेटींच्या तारखा त्याच दोन दिवसांत ठरवून टाका, पंधरा दिवसांच्या आत, गावचा बाजार आणि कापूस वेचणी टाळून, कारण तेव्हा निम्मी पोरं वावरात. पहिल्या भेटीला तपासणीचा फॉर्म नको, मागं पोरांमध्ये बसा, एका पोराच्या वहीतली एक नोंद उतरवून घ्या आणि तास संपल्यावर मॅडमला तेवढीच दाखवून विचारा, यानं हे असं का लिहिलं असंल? मग किल्ल्या मोजा.