फिशटँकमध्ये खरंच किती पाणी आहे, ते असं मोजा

औषधाच्या बाटलीवर ‘दर दहा लिटरला अमुक थेंब’ असं लिहिलेलं असतं. हे लिटर म्हणजे टाकीत प्रत्यक्ष असलेलं पाणी, काचेच्या पेटीचं माप नव्हे. या दोन आकड्यांत भरपूर अंतर असतं, आणि हिशेब चुकला की त्रास माशांना होतो.

लांबी, रुंदी आणि उंची आतून सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि १००० ने भागा. उत्तर लिटरमध्ये येतं. मापं इंचांत घेतली असतील तर ६१ ने भागा. भरलेल्या टाकीत टेप घालणं जमत नाही, तेव्हा बाहेरून मोजा आणि लांबी-रुंदीतून काचेची जाडी दोन-दोनदा वजा करा. जाडी वरच्या कडेवर पट्टी ठेवून दिसते. कडेला प्लॅस्टिकची फ्रेम असेल तर तिच्यावरून मोजू नका, काचेवरूनच मोजा.

उंचीत सर्वांत जास्त चूक होते. टाकीची उंची धरायचीच नाही. तळकाचेच्या वरच्या पृष्ठभागापासून पाण्याच्या पातळीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच उंची धरायची. खाली फ्रेम असेल तर तळकाच टेबलापासून थोडी वर बसलेली असते, त्यामुळे टेबलापासून घेतलेलं मापही फसवं ठरतं.

एक हिशेब करून पाहू. टाकी बाहेरून ६० × ३० × ३६ सेंमी, काच ५ मिमी. नुसत्या बाहेरच्या मापांवरून ६४.८ लिटर येतात. आतली लांबी-रुंदी मात्र ५९ × २९, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ १७११ चौ. सेंमी. पाणी वरच्या कडेपासून ४ सेंमी खाली ठेवलं आणि तळकाचेचा अर्धा सेंमी वगळला, तर पाण्याची उंची ३१.५ सेंमी. झाले ५३.९ लिटर. खडे आणि दगड अजून धरलेलेच नाहीत.

खड्यांचा थर ५ सेंमी असेल तर त्याचं आकारमान साडेआठ लिटरच्या आसपास जातं, पण खड्यांच्या फटींत पाणी असतंच, म्हणून सगळं वजा करायचं नाही. साधारण ६० टक्के वजा करा, म्हणजे इथे ५.१ लिटर. आपल्या खड्यांचा नेमका आकडा हवा असेल तर एक लिटरच्या मापात कोरडे खडे काठोकाठ भरा आणि त्यात मोजून पाणी ओता. ४०० मिली मावलं तर उरलेली ६०० मिली जागा खड्यांची. झाडांसाठीची सच्छिद्र माती पाणी शोषते, तिची अशी चाचणी आधी भिजवून घ्या. थर मागे उंच, पुढे बुटका असेल तर सरासरी धरा.

दगडांचं वजन किलोत घेऊन २.६ ने भागलं की त्यांनी अडवलेले लिटर कळतात; बहुतेक भरीव दगडांना हे लागू पडतं. ४ किलो दगडांचे दीड लिटर. लाकूड आणि पोकळ सजावट मात्र काठोकाठ भरलेल्या बादलीत पूर्ण बुडवून सांडलेलं पाणीच मोजावं. आपल्या टाकीत शेवटी उरलं सव्वासत्तेचाळीस लिटर. ६४.८ धरून औषध घातलं असतं तर मात्रा ३७ टक्क्यांनी जास्त पडली असती. तांबेयुक्त औषधात एवढा फरक नाजूक माशांना झेपत नाही. उलट बाजूने, पाणी कमी धरलं तर मात्रा अपुरी पडते आणि रोग तसाच राहतो.

क्षेत्रफळाचा आकडा जपून ठेवा, तो रोज कामी येतो. १७११ ला १००० ने भागलं की दर सेंटिमीटरला १.७ लिटर. पाव पाणी बदलायचं म्हणजे १२ लिटर, म्हणजेच पातळी सुमारे ७ सेंमी खाली. काचेवर बाहेरून मार्करची खूण करून ठेवली की बादल्या मोजत बसावं लागत नाही.

गोल नळकांडी टाकीसाठी त्रिज्या × त्रिज्या × ३.१४ × उंची. षटकोनीसाठी बाजू × बाजू × २.६ × उंची. पुढची काच बाहेर फुगलेली असेल तर चौकोनी भागाचं क्षेत्रफळ वेगळं काढा, त्यात लांबी × फुगवटा × दोन तृतीयांश मिळवा आणि उंचीने गुणा. शेवटी प्रत्येक उत्तर १००० ने भागायचंच. काचेच्या गोल भांड्यासाठी सूत्रात वेळ घालवू नका, मोजून पाणी भरा.

खरं तर नवी टाकी भरताना मोजून भरणं हाच सर्वांत खात्रीचा मार्ग. बादलीवर छापलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नका, तो बऱ्याचदा काठोकाठचा असतो. रिकामी बादली वजनकाट्यावर ठेवून दहा किलो पाणी भरा आणि पातळीवर खूण करा. ते झाले दहा लिटर. बाहेर बसणारा कॅनिस्टर फिल्टर किंवा सम्प (टाकीखाली ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी) असेल तर त्यातलं पाणीही बेरजेत धरा, कारण औषध तिथेही पोचतं.

औषधाची मात्रा गॅलनमध्ये दिली असेल तर आधी गॅलन कुठला ते पाहा. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा.