ऑस्ट्रेलियात तंबू घेऊन निघताय? या चुका टाळा

ऑस्ट्रेलियात गाडी आणि तंबू घेऊन फिरायचं म्हटलं की आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "साप निघाला तर?" मग कोळी, मग मगर. भीती अगदीच खोटी नाही. पण सहलीचा विचका होतो तो बहुतेक वेळा वाऱ्यामुळे, तिन्हीसांजेला गाडी दामटल्यामुळे, नाहीतर तंबूत उशाशी ठेवलेल्या बिस्किटांच्या पुड्यामुळे. मेलबर्न, ग्रेट ओशन रोड, अ‍ॅडलेड, कूबर पीडी आणि वाळवंटातला उलुरू हा भला मोठा खडक असा मार्ग डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलं आहे. एकाच प्रवासात समुद्र, शेती आणि वाळवंट लागत असल्यामुळे जवळपास सगळ्या चुका करायची संधी याच रस्त्यावर मिळते.

नकाशावर बोट ठेवून दिवस आखणं

"अ‍ॅलिस स्प्रिंग्जला उतरू आणि संध्याकाळी उलुरू बघू." या दोन ठिकाणांत साडेचारशे किलोमीटरचं अंतर आहे. अ‍ॅडलेडहून उलुरू सुमारे 1,600 किलोमीटर, म्हणजे मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्गाच्या दुपटीहून जास्त. रस्ता गुळगुळीत, वाहतूक विरळ आणि गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. त्यामुळे आपला आत्मविश्वास पहिल्याच दिवशी नको तितका वाढतो. तासन्‌तास जवळपास सरळच जाणाऱ्या रस्त्यावर झोप कशी येते, हे तिथे गेल्यावरच कळतं.

मुक्कामाला तंबू ठोकायचा असेल तर दिवसाला चारशे, फार तर पाचशे किलोमीटर धरा. पेट्रोलची टाकी अर्धी झाली की भरायची, "पुढच्या पंपावर बघू" म्हणायचं नाही. ग्लेंडॅम्बो ते कूबर पीडी या साधारण अडीचशे किलोमीटरमध्ये पंपच नाही. वाटेतले रोडहाउस रात्री बंदही असतात. आणि समोर रोड ट्रेन असेल, म्हणजे तीन-चार ट्रेलर जोडलेला ट्रक, तर ती 53.5 मीटरपर्यंत लांब असू शकते, हे लक्षात ठेवून मगच ओव्हरटेक करा. घाई असेल तर मागे राहून चहाला थांबा.

तिन्हीसांजेला गाडी चालवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कांगारू दिवसभर सावलीत पडून असतात. ऊन उतरलं की चरायला निघतात आणि पहाटेपर्यंत फिरत असतात. रस्त्याच्या कडेला पाणी साचतं, तिथलं गवत हिरवं राहतं, म्हणून ते नेमके कडेलाच असतात. दिव्याच्या झोतात बिथरलेला कांगारू कुठे उडी मारेल याचा नेम नाही, आणि एक दिसला तर मागे आणखी असतात. इमूचंही तेच, फक्त त्यांचा गोंधळ दिवसाढवळ्या चालतो.

जुलैत दक्षिणेकडे सूर्य सव्वापाचच्या सुमाराला मावळतो. म्हणजे मुक्कामाला चारपर्यंत पोचायला हवं. सकाळी दहाला आरामात पोहे खाऊन निघणाऱ्यांचं हे गणित इथेच चुकतं. भाड्याच्या कॅम्परव्हॅनचा करारही वाचा. शहराबाहेर अंधारात गाडी चालवल्यास विमा लागू नाही, असं कलम बऱ्याच करारांत असतं.

कांगारू समोर आलाच तर ब्रेक सरळ रेषेत दाबा. स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका, कारण झाडावर आदळलेली किंवा उलटलेली गाडी कांगारूच्या धडकेपेक्षा जास्त जीवघेणी असते. धडक बसली तर सुरक्षित जागी थांबा, इशाऱ्याचे दिवे लावा आणि बोनेटखाली हिरवं-गुलाबी पाणी ठिबकतंय का ते बघा. रेडिएटर फुटला असेल तर गाडी पुढे नेऊ नका, इंजिन जाईल. प्राणी मेलेला असेल आणि रस्ता मोकळा असेल तर मादीची पिशवी बघा, आत जिवंत पिल्लू असू शकतं. मात्र ते आचळाला चिकटलेलं असेल तर ओढू नका. व्हिक्टोरियात वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्समध्ये वायर्स अशा संस्था फोनवर पुढचं सांगतात.

हवामानाचा फक्त आकडा बघणं

डिसेंबरात उन्हाळा असतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ते अर्धंच ज्ञान आहे. मेलबर्नच्या उन्हाळ्यात उत्तरेकडून वाळवंटाचा तापलेला वारा येतो, पारा 38 वर जातो, आणि दुपारी कधीतरी नैर्ऋत्येचा समुद्री वारा घुसतो. याला इथे 'कूल चेंज' म्हणतात. तासाभरात पंधरा-वीस अंश सहज उतरतात. अंदाजात तुम्हाला 38 दिसतं, तुम्ही हाफपँटवर निघता आणि संध्याकाळी ग्रेट ओशन रोडवरच्या अपोलो बेच्या किनाऱ्यावर कुडकुडत चादरी गुंडाळून बसता.

म्हणून ब्युरो ऑफ मिटिऑरॉलॉजीच्या, म्हणजे इथल्या हवामान खात्याच्या, अंदाजात कमाल तापमानाच्या खालची वाऱ्याची ओळ वाचा. वारा कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला आणि किती वाजता वळणार ते तिथे दिलेलं असतं. त्या वेळेच्या आत तंबू पक्का झालेला हवा.

हा बदल म्हणजे नुसता गारवा नव्हे. 7 फेब्रुवारी 2009 ला मेलबर्नमध्ये 46.4 अंश तापमान होतं. संध्याकाळी वारा वळला, तेव्हा लांबट पसरलेल्या वणव्यांच्या बाजूच पुढची आघाडी झाल्या. त्या दिवशीच्या वणव्यांत 173 माणसं गेली. म्हणून जंगलाजवळ मुक्काम असेल तर आगीच्या धोक्याची पातळी रोज बघायची. 2022 पासून देशभर चारच पातळ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटास्ट्रॉफिक. शेवटची जाहीर झाली तर जंगलात थांबण्याचा विचारही नको, आदल्या रात्रीच शहराकडे निघा. 'टोटल फायर बॅन'च्या दिवशी शेकोटी पूर्ण बंद. गॅसच्या शेगडीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, तेव्हा त्या राज्याच्या अग्निशमन दलाच्या संकेतस्थळावर बघून घ्या आणि त्या दिवशी थालीपिठांऐवजी ब्रेड-चटणी खा.

वाळवंटाबद्दलचा गैरसमज उलटा आहे. उलुरूला जुलैत दिवसा विशीच्या घरात छान ऊन असतं आणि रात्री पारा पाचाखाली जातो, कधी शून्याच्याही खाली. "वाळवंटात कसली थंडी" म्हणणारे पहाटे तीनला गाडीत हीटर लावून बसलेले सापडतात. (बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपू मात्र नका.) स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात, त्यातला 'कम्फर्ट' हा खरा. 'लिमिट'च्या आकड्यावर झोप लागत नाही. खाली जाड मॅट नसेल तर महागडी बॅगही उपयोगाची नाही, कारण थंडी जमिनीतून चढते. उन्हाळ्यात मात्र उलुरू-काटा जूटाच्या काही पायवाटा 36 अंशांचा अंदाज असला की सकाळी अकराला बंद होतात, तेव्हा फिरणं पहाटेच. आणि राष्ट्रीय उद्यानाच्या आत तंबू ठोकता येत नाही, मुक्काम बाहेर युलाराला.

तंबू आणि त्याची जागा

नवा तंबू पहिल्यांदा मुक्कामावर उघडू नका. घराच्या मागच्या अंगणात, नाहीतर बागेत एकदा उभा करा. एखादी काठी कमी असली तर तिथे कळलेलं बरं.

तंबूसोबत येणारे तारेसारखे बारीक खिळे वाळवंटी टणक जमिनीत पहिल्या घावाला वाकतात, आणि किनाऱ्याच्या वाळूत नुसते उभे राहतात. जाड पोलादी खिळ्यांचा एक संच, वाळूसाठी रुंद पात्याचे खिळे आणि खरी हातोडी घ्या. खिळ्याचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं आणि दोरीशी काटकोन होईल असं ठोका. ताणाच्या दोऱ्या "आज वारा नाही" म्हणून पिशवीतच राहतात. वारा रात्री दोनला येतो. दार नैर्ऋत्येला करू नका.

पाऊस न पडताही सकाळी आतून कापड ओलं दिसलं, तर तंबू गळत नाहीये. तो तुमचाच श्वास आहे. जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. खरंच भिजला असेल तर गुंडाळून पुढे न्या, पण दुसऱ्या मुक्कामी पहिलं काम तो वाळवण्याचं. दोन दिवस ओला राहिला की बुरशीचा वास जन्मभर जात नाही.

इथले लोक नवख्यांना 'ड्रॉप बेअर'ची भीती घालतात: झाडावरून माणसाच्या अंगावर पडणारं म्हणे मांसाहारी कोआला. थट्टाच ती. पण झाडावरून पडतात त्या फांद्या, आणि ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही. निलगिरीच्या जातीची मोठी झाडं वारा नसतानाही, कडक उन्हाच्या दिवशी अख्खी फांदी सोडून देतात. नदीकाठची रिव्हर रेड गम त्यासाठी कुप्रसिद्ध. सावली कितीही दाट असो, तंबू त्या फांद्यांच्या आवाक्याबाहेर लावा. आणि कोरड्या नदीपात्रातली मऊ वाळू? ती तर टाळाच. शंभर किलोमीटरवर पडलेल्या पावसाचं पाणी तुमच्या डोक्यावर स्वच्छ आकाश असताना येऊ शकतं.

खाणं तंबूत ठेवणं

व्हिक्टोरियातल्या विल्सन्स प्रॉमन्टरी उद्यानाच्या टायडल रिव्हर तळावर वॉम्बॅट खाण्याच्या वासाने तंबूचं कापड फाडून आत शिरतात. दिसायला गोंडस, अंगाने बुटक्या डुकरासारखे आणि स्वभावाने बुलडोझर. टास्मानियाच्या क्रेडल माउंटन भागात करावाँग नावाचे काळे पक्षी पाठपिशवीची चेन चोचीने उघडतात, अगदी पद्धतशीर. कूकाबरा तव्यावरचा तुकडा हवेतल्या हवेत पळवतो. पोसम रात्री येतात आणि झाकण सैल असलेला डबा त्यांना बरोबर सापडतो.

उपाय एकच: खाणं, कचरा, अगदी टूथपेस्टसुद्धा रात्री गाडीत कुलूपबंद. पातळ प्लास्टिकचा खोका म्हणजे कुलूप नव्हे. आणि "एकच चपाती देतो बिचाऱ्याला" हे नको. माणसाच्या हातून खायला शिकलेला डिंगो, म्हणजे इथला रानकुत्रा, पुढच्या माणसाच्या पोराला चावतो, आणि मग वन खातं त्या डिंगोला मारतं. क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या कगारी बेटावर, म्हणजे 2023 पर्यंतच्या फ्रेझर आयलंडवर, डिंगोला खाऊ घालणं हा दंडाचा गुन्हा आहे. डिंगो जवळ आला तर पळू नका. सरळ उभे राहा, हात छातीवर बांधा, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. मुलं हाताच्या अंतरात.

साप चावला तर गावाकडचे उपाय

हे बारकाईने वाचा. आपल्याकडे घोणस, फुरसं यांच्या दंशाने जागेवरच सूज आणि सडणं होतं, म्हणून तिथे घट्ट पट्टी बांधू नका असं शिकवतात. ऑस्ट्रेलियातल्या सापांचं विष मुख्यतः लसिकावाहिन्यांतून अंगात पसरतं, म्हणून इथे प्रथमोपचार वेगळा आहे. जखम धुवू नका, कापू नका, चोखू नका, वर दोरी आवळू नका. चावल्या जागेवर रुंद इलॅस्टिक बँडेज बांधा. मग बोटांपासून सुरू करून अख्खा हात किंवा पाय दुसऱ्या बँडेजने गुंडाळा, मुरगळलेल्या पायाला बांधतो तितकं घट्ट. काठीचा आधार देऊन हालचाल बंद करा आणि 000 या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावा. माणसाला एक पाऊलही चालवू नका, गाडीच त्याच्याजवळ आणा. अशी दोन-तीन रुंद बँडेजं गाडीच्या दाराच्या कप्प्यात ठेवा, सामानाच्या तळाशी नको. बूट तंबूबाहेर राहिले असतील तर सकाळी झटकून घाला.

मगरींची काळजी या मार्गावर करायची गरज नाही. पुढे डार्विनकडे गेलात तर मात्र तंबू पाण्यापासून किमान 50 मीटर लांब हवा आणि भांडी किंवा मासे काठावर धुवायचे नाहीत. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे पावसाळा, अनेक रस्ते बंद.

कागदपत्रं आणि डबे

विमानतळावर पेढे-बर्फी, ताजा कढीपत्ता, बिया हे सगळं अडवलं जातं. लोणचं-चटण्या न लपवता कार्डावर जाहीर करा. जाहीर केल्यावर फार तर वस्तू जाते, लपवल्यास दंड मोठा असतो. देशातही राज्याच्या सीमेवर फळमाशीमुळे तपासणी असते: व्हिक्टोरियातून साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना फळं, टोमॅटो, मिरच्या नेता येत नाहीत. आदल्या रात्रीच ठेचा करून टाका.

साध्या कॅम्परव्हॅनला कच्च्या रस्त्यावर बहुतेक करारांत मनाई असते. पाऊस झाला की साउथ ऑस्ट्रेलियातले कच्चे रस्ते बंद होतात, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड वेगळा, ओढून काढण्याचा खर्च वेगळा. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर खोली आजमावायला जाऊ नका, मागे फिरा.

फोन लागत नाही

अ‍ॅडलेडच्या उत्तरेचं पोर्ट ऑगस्टा सोडलं की गावं वगळता रेंज विसरा. टेल्स्ट्राचं सिम त्यातल्या त्यात बरं. नकाशे आधीच उतरवून ठेवा, आणि रोज कोणाला तरी "आज इथून तिथे जातोय" एवढा मेसेज टाका. पिण्यासाठी माणशी दिवसाला किमान पाच लिटर पाणी, वर दोन दिवसांचं जास्तीचं.

गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबा, सावली करा, पाणी पुरवा. मदत शोधत पायी निघालेला माणूस विमानातून दिसत नाही, गाडी दिसते. मुख्य रस्ता सोडून जाणार असाल तर पीएलबी, म्हणजे उपग्रहावर संकटसंदेश पाठवणारं छोटं यंत्र, भाड्यानेही मिळतं. बटण दाबलं की संदेश थेट कॅनबेरातल्या बचाव केंद्रात पोचतो आणि तिथून शोध सुरू होतो. ते जिवावर बेतलं तरच दाबायचं. वाळूत चाक रुतलं, तर आधी फावडं.